कोट नवा, भिंत जुनी

वेर्बोवेच्या तीन नंबर खाणीत झेनोवी बाराबाश हवेचा इंजिनियर होता. कोळसा फोडणारे वेगळे, बोगद्याला लाकडी टेकू देणारे वेगळे. झेनोवीनं एवढंच बघायचं, की पंख्याच्या ओढीनं आत आलेली हवा बोगद्याच्या प्रत्येक फाट्यात पोचते की नाही, आणि कुठे वायू तर साठून बसलेला नाही ना. कामगार त्याची चेष्टा करत. म्हणत, "सरकार आम्हाला कोळशावर पगार देतं आणि याला वाऱ्यावर." तोही हसायचा. वसतिगृहात वाढलेला पोर तो. आईबाप सैबेरियाच्या वाटेवर गेले म्हणे. कसे गेले ते सांगायला मागे कुणी उरलं नव्हतं. अशा माणसाला चेष्टा करणारं कुणी भेटलं तरी बरं वाटतं.

चेष्टा करणाऱ्यांत पहिला नंबर मिरोनचा. मिरोन टेकू लावायचा, सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि वरिष्ठांच्या नकला करायचा. एकदा शिफ्ट संपवून लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येताना तो एकदम म्हणाला, "झेनको, मुलगी झाली मला. कूम होशील?"

त्या काळी आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे चोरीचा मामला. पाद्री दिवसा बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पडदे ओढून मुलांना पाणी लावायचा. झेनोवीचं पक्षाचं कार्ड तेव्हा येऊ घातलेलं. कुणी चुगली केली असती तर कार्ड गेलं असतं आणि नोकरीही. पण आमच्याकडे माणूस लग्नाला नाही म्हणेल, पेल्याला नाही म्हणेल, कूम व्हायला नाही म्हणत नाही. ते पाप. झेनोवी गेला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पोर त्यानं हातांवर घेतली, आणि त्या संध्याकाळपासून तो लहानग्या दारकाचा धर्मबाप झाला, मिरोनचा कूम झाला, आणि मिरोनची बायको स्तेफा त्याची कुमा झाली. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी हक्कानं हाक मारायला लागलं.

या नात्याचं वजन त्याला कळलं ते मिरोनचा बाप वारला तेव्हा. पेटी उचलायची वेळ झाली. शेजारचे चौघे पुढे झाले, बायकांनी त्यांच्या दंडांवर नक्षीचे रुमाल बांधले. झेनोवीही बाह्या सरसावून पुढे निघाला, तर स्तेफानं त्याची बाही धरून मागे ओढलं.

"खुळा की काय तू? घरच्यांनी उचलायचं नसतं. मेलेला माणूस घरच्याला ओढून नेतो. परके उचलतात."

"मी कुठे घरचा, कुमा?"

"मग कोण तू? टपालवाला? हो मागे, आमच्यात उभा राहा."

तो मागे झाला आणि घरच्यांत उभा राहिला. अंत्ययात्रेत हसू नये, पण त्याला हसू फुटत होतं, ते त्यानं टोपीआड लपवलं.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, सकाळच्या शिफ्टला, लांबच्या फाट्यात वायूनं पेट घेतला. स्फोट झाला आणि मागोमाग कोळशाच्या थराला आग लागली. त्या फाट्यात तिघेजण होते, त्यांत मिरोन. बचाव पथक दोनदा आत शिरलं आणि दोनदा धुरानं मागे फेकलं गेलं. झेनोवी फाट्याच्या तोंडाशी उपकरण घेऊन उभा होता. हवेतला विषारी वायू इतका, की आत कुणी दोन श्वासही घेऊ शकलं नसतं. आणि आगीला हवा मिळत राहिली तर दुसरा स्फोट ठरलेला, आणि तो झाला तर बाकीची सगळी खाण जाणार. संचालक कोंद्रात्येव खाली मान घालून उभा होता. बोलायचं कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवा झेनोवीची होती.

"भिंत लावा," तो म्हणाला.

गवंडी फाट्याचं तोंड बंद करायला लागले. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा म्हातारा युखीम थापी हातात धरून थांबला. फाट्यात जाणारा पाण्याचा लोखंडी नळ भिंतीतून आरपार गेला होता, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "साहेब, ठोकतंय कुणीतरी."

झेनोवीनं नळाला कान लावला. टक्. मग काही नाही. मग टक् टक्.

"पाणी आहे. पंपाच्या दाबानं वाजतं."

"पाणी असं थांबून थांबून ठोकतं का, साहेब?"

"युखीम, आत हवाच नाही. लाव विटा."

युखीमनं क्रूसाची खूण केली आणि विटा लावल्या. भिंत वरपर्यंत गेली, सगळ्या फटी लिंपून झाल्या. आतली हवा तपासायला एक बारीक नळी तेवढी ठेवली. उपकरण खोटं बोलत नाही, हे झेनोवीला पक्कं ठाऊक होतं, आणि पिंजऱ्यातून वर येताना त्याला हेही कळलं, की त्या ठाऊक असण्याचा यापुढे काही उपयोग नाही. नंतर तो त्या भिंतीपाशी कधी गेला नाही. नमुने घ्यायला दुसऱ्यांना पाठवायचा.

गावात कुणी त्याला दोष दिला नाही. वर आलेल्या माणसांच्या बायका तर रस्त्यात त्याचा हात धरून रडल्या. चाळिसाव्या दिवसाचं जेवण स्तेफाकडे झालं. टेबलाच्या टोकाला मिरोनचा पेला भरून ठेवलेला, त्यावर पावाची फोड. लोक उठून गेल्यावर स्तेफा त्याच्यासमोर बसली.

"कूम, तू त्याला आत ठेवलंस. का ठेवलंस ते मी विचारत नाही. मला तो बाहेर काढून दे. मी त्याला त्याच्या बापाशेजारी ठेवते."

आग विझायला दोन-तीन वर्षं लागतात, नंतरही अशी भिंत फोडतातच असं नाही, संचालक कबूल होणार नाही, हे सगळं सांगायला हवं होतं. झेनोवीच्या ओठांवर ते आलंही होतं. पण कुमा मागत होती.

"काढीन," तो म्हणाला.

आग अडीच वर्षांत विझली. नमुने स्वच्छ यायला लागले. बचाव पथकाचा प्रोकीप, सरळ बोलणारा माणूस, खोलीत येऊन म्हणाला, "साहेब, आता उघडता येईल. एका शिफ्टचं काम आहे."

कोंद्रात्येव नाही म्हणेल अशी झेनोवीला खात्री होती. पण कोंद्रात्येवनं त्यालाच विचारलं, "तुम्ही काय म्हणता? हवा तुमची."

आणि इथे झेनोवीच्या मनात जी पाल चुकचुकली ती पुढे जन्मभर गप्प बसली नाही. भिंत फोडली आणि तिघे भिंतीच्या आतल्या अंगाला, नळापाशी बसलेले सापडले तर? मग पाणी ठोकत नव्हतं. मग मिरोन ठोकत होता, आणि बाहेरून त्याचा कूम विटा लावायला सांगत होता.

"थोडं थांबू या," तो म्हणाला. "खात्री होऊ दे."

स्तेफाला त्यानं सांगितलं की वरून परवानगी नाही. तिनं ऐकून घेतलं. तिला स्वतः संचालकाकडे जाता आलं असतं, पण कूमनं अंगावर घेतलेलं काम घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे कूमच्या तोंडावर थुंकण्यासारखं. ती गेली नाही. ती वाट बघत राहिली.

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत जातं. थडग्यावर चादर अंथरायची, गोड पाव, रंगवलेली अंडी, सॉसेज मांडायचं, मेलेल्यांबरोबर जेवायचं. स्तेफाकडे थडगं नव्हतं. ती पोरीला घेऊन खाणीच्या पंख्याच्या धुराड्यापाशी जायची. तिथून खाणीतली वापरलेली हवा बाहेर पडते, एप्रिलातही कोमट. तिथेच ती चादर अंथरायची. "त्याच्यावरून येते," म्हणायची, "म्हणून गरम." झेनोवी दरवर्षी येऊन बसायचा, अंडं सोलायचा आणि खाली बघायचा. त्या हवेतला एक कणही मिरोनवरून येत नव्हता. येऊ नये म्हणूनच तर भिंत होती.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात खाणीतून वर आलेल्या माणसांना अंग धुवायला साबण मिळेना, आणि एक भलंमोठं साम्राज्य साबणापायी डगमगलं. आमचा चौकही भरला. एकेक जण बाकावर चढून मागण्या सांगत होता. साबण, सॉसेज, पेन्शन. झेनोवीलाही लोकांनी वर ढकललं. तो पंख्यांच्या दुरुस्तीवर बोलणार होता. पण समोर त्याला स्तेफा दिसली, तिचा हात धरून दारका, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"आपल्यातले तिघेजण अजून खाली आहेत. त्र्याऐंशीपासून त्यांची शिफ्ट संपलेली नाही. ती भिंत उघडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

मग कुणीतरी डोक्यावरचं हेल्मेट काढून दगडी फरशीवर आपटलं. दुसऱ्यानं आपटलं. मग सगळा चौक ठोकायला लागला. झेनोवी बाकावर पांढराफटक पडला. लोकांना वाटलं, गहिवरलाय. "आपला माणूस!" लोक ओरडले आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. जिभेला हाड नसतं, आणि कधी कधी तिचं सिंहासन होतं, ते असं.

पुढच्या मार्चमध्ये तो संसदेवर निवडून आला. कीव्हला गेला. त्याच्याच डोळ्यांसमोर देशाचा झेंडा बदलला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. खाणींच्या सुरक्षेचा कायदा त्यानं भांडून करून घेतला, विधवांची पेन्शन वाढवली, आणि इतर जण कारखाने खिशात घालत होते तेव्हा यानं खिशात काही घातलं नाही. अंगात चांगला कोट आला एवढंच. गावाकडे आला की पावाच्या दुकानासमोरच्या बायका एकमेकींना कोपरखळी मारायच्या, "आला बघ. कोट नवा, भिंत जुनी." त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या. आमच्या बायका कुजबुजत नाहीत.

खाणीचा नवा संचालक तर त्याच्यापुढे हात बांधून उभा राहिला. "साहेब, तुम्ही म्हणाल त्या दिवशी फोडतो."

आता अडवायला कोंद्रात्येव नव्हता, पक्ष नव्हता, मॉस्को नव्हतं. झेनोवीनं कोटाची गुंडी लावली. "अशी घिसाडघाई नको. समिती नेमू. बाहेरून उपकरणं मागवू. तीन माणसांच्या सन्मानाचा प्रश्न आहे." संचालकानं मान डोलावली. इंजिनियर असता तर असं बोलायला त्याला लाज वाटली असती. एव्हाना तो राजकारणी झाला होता, आणि राजकारण्याला नाही म्हणायचं असलं की तो समिती नेमतो.

त्र्याण्णवच्या ईस्टरनंतरच्या रविवारी धुराड्यापाशी बसलेले असताना स्तेफानं दारकाला पाणी आणायला पाठवलं. पोर लांब गेल्यावर म्हणाली, "युखीम मेला, माहीत आहे ना? मरायच्या आधी त्यानं मला बोलावून घेतलं होतं."

झेनोवीच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

"नळ वाजत होता म्हणे, कूम."

"पाणी होतं."

"तुला माहीत आहे, की तुला वाटतं?"

धुराड्यातून हवा येत होती. तिनं चादरीवरचे चुरे झटकले.

"हे बघ. मला हाडं नकोत. हाडं कुठेही असली तरी देव शोधून काढतो. मला एवढंच कळू दे, की तो भिंतीशी बसला होता का. मी डोळा मिटला की मला ऐकू येतं. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून टाकलंय मी. नळ गळला तर उठून बसते. भिंतीशी बसला असेल, तर बसला असेल. निदान त्याच्यासाठी रडता तरी येईल. नसेल, तर मी झोपेन."

"उघडू, कुमा. याच वर्षी."

"नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मी तुझं तोंड बघणार नाही, पण मग मी दुसरीकडे तरी जाईन."

एक शब्द बोलायचा होता. तो बोलला असता तर आठवड्याभरात ती संचालकाच्या दारात उभी राहिली असती आणि प्रोकीपनं कुदळ उचलली असती. पण कूमला नाही म्हणायचं नसतं, या एका चांगल्या रीतीनं तिचा घात केला. "याच वर्षी," तो पुन्हा म्हणाला, आणि दारका पाणी घेऊन आली.

अठ्ठ्याण्णवला निवडणुकीच्या तोंडावर त्याला विचारणा झाली, राजदूत म्हणून कोपनहेगनला जाता का? इंग्रजी बरं होतं, हात स्वच्छ होते, आणि स्वच्छ हातांचा माणूस कीव्हमध्ये सगळ्यांनाच अडचणीचा होत चालला होता. झेनोवी लगेच हो म्हणाला. त्याची बायको ओरिस्या खूश झाली. तिला वाटलं, अखेर आपलं चांगलं झालं. खरं म्हणजे आणखी एक निवडणूक लढवायची तर वेर्बोवेच्या चौकात उभं राहून भिंतीबद्दल बोलावं लागलं असतं. समुद्रापलीकडे ते लागत नव्हतं.

राजदूत म्हणून तो उत्तम होता. हवेच्या इंजिनियरला खोलीत कुठे दाब वाढतोय ते आधी कळतं. लोकांना तो बोलू द्यायचा, मध्ये पडायचा नाही, आणि बैठक संपता संपता आपलं काम करून घ्यायचा. तिथली माणसं त्याला मान देत. पण दूतावासाचं घर जुनं होतं आणि हिवाळ्यात भिंतीतल्या नळांतून गरम पाणी फिरायला लागलं की नळ वाजायचे. टक्. मग काही नाही. मग टक् टक्. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं घर गरम ठेवणारी ती यंत्रणा बंद करायला लावली. ओरिस्या ओव्हरकोट घालून स्वयंपाक करायची.

"लोक काय म्हणतील? राजदूताच्या घरात शेगडी लावून बसतात!"

"थंडी बरी असते," तो म्हणायचा. "डोकं थंड राहतं."

"डोकं नाही, झेनको, पाहुणीचं बाळ गारठलंय माझ्या मांडीवर."

तरी त्यानं नळ सुरू करू दिले नाहीत. ईस्टरला तो आता गावी जात नसे. तारखा जुळत नव्हत्या, असं तो स्तेफाला फोनवर सांगायचा. ती म्हणायची, "बरं." भिंतीबद्दल तिनं विचारणं सोडलं होतं. तेच त्याला अधिक जड जायचं.

दोन हजार चारच्या जानेवारीत दारकाचा फोन आला. दारका आता गावच्या शाळेत शिकवत होती. "धर्मबाबा, आई फार दिवसांची नाही. फुप्फुसं गेली. शुद्धीत आहे, पण दर थोड्या वेळानं विचारते, भिंतीचं काय झालं."

झेनोवी खिडकीपाशी उभा होता. बाहेर बंदरावर बर्फ पडत होता.

"तुम्ही तिला सांगा ना," दारका म्हणाली. "सांगा, उघडली. सांगा, बाबा भिंतीपाशी नव्हते. मी फोन तिच्या कानाला लावते. खोटं असलं तरी चालेल. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही कूम आहात."

इतक्या वर्षांत त्यानं सभागृहात, बैठकांत, जेवणाच्या टेबलांवर किती गोड थापा मारल्या असतील! ही एक त्याला मारता येईना. कारण ती थाप असेल की नाही, हेच त्याला माहीत नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच तर तो आयुष्यभर पळत आला होता.

"मी चौकशी करून कळवतो," तो म्हणाला.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

स्तेफा त्याच आठवड्यात गेली. झेनोवीनं मोठं पुष्पचक्र पाठवलं, रिबिनीवर देशाचं चिन्ह होतं. स्वतः गेला नाही. कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा होता, आणि दौरा नसता तरी तो गेला नसता, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

आणि मग मे महिन्यात भिंत फुटली. समिती नव्हती, परदेशी उपकरणं नव्हती, कुणाचा आदेशही नव्हता. खाण बंद पडायला आली होती आणि उरलेल्या कोळशापर्यंत जवळची वाट हवी होती. वाटेत जुनी भिंत आली. प्रोकीपनं नमुना तपासला, चार माणसं घेतली आणि सकाळच्या शिफ्टला भिंत पाडली. फोनही त्यानंच केला.

"साहेब, तिघेही मिळाले. या."

झेनोवी आला. विमानतळावरून थेट खाणीवर. तिघे कपडे बदलायच्या जुन्या खोलीत, चादरींखाली ठेवलेले होते. त्याला चादरीकडे बघवेना. तो प्रोकीपकडेच बघत राहिला.

"भिंतीपाशी?" त्यानं विचारलं.

"कोण भिंतीपाशी? छे हो. अगदी आत, कामाच्या जागी. आग तिथवर पोचलीच नव्हती. मिरोनच्या हातात कुऱ्हाड तशीच होती, टेकू अर्धा तासलेला. जेवणाची फडकी गाठ मारलेली. आणि हे बघा." प्रोकीपनं टेबलावरचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आग लागली की खाणकामगार कमरेचा हा डबा फोडून त्यातून श्वास घेतो. डब्याचं सील शाबूत होतं. "तिघांचेही असेच. हात कमरेपर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नाही. स्फोटाच्या त्या क्षणालाच गेले. कुणी एक पाऊल टाकलेलं नाही, साहेब. तुमचं उपकरण बरोबर होतं."

"आणि नळ?"

"नळ?" प्रोकीप ओशाळून हसला. "नळ अजून ठोकतो. वरच्या थरातलं पाणी उतरतं त्यात. भिंत पाडताना माझेही हातपाय गार पडले. नमुने घ्यायला जाणारे सगळे ऐकत आलेत की. आम्हाला वाटायचं मिरोनच आहे, क्रूस करायचो आणि निघायचो. तुम्हाला कोण सांगणार? कूमला असलं सांगत नाहीत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा झेनोवीनं पोटभर श्वास घेतला. तो बरोबर होता! मिरोननं ठोकलं नव्हतं. आपण कूमला जिवंत गाडलं नव्हतं. त्याला रडू आलं, हसू आलं, आणि ही गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगायची म्हणून तो वळला, तेव्हा त्याला आठवलं.

स्तेफा वीस वर्षं वाट बघत बसून होती, त्यातली शेवटची दहा-अकरा घड्याळाशिवायच्या स्वयंपाकघरात. जानेवारीपर्यंत. हे ऐकायला. एका शिफ्टचं काम होतं.

तो बाकावर बसला. प्रोकीपनं पाणी आणून दिलं, ते त्याच्या हातात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गावानं तिघांना पोचवलं. आता पाद्री उघडपणे रस्त्यानं चालत होता, गातही होता. दारकाच्या अंगणात मिरोनची पेटी दोन स्टुलांवर ठेवलेली. दारका दारात उभी होती, हातावर नक्षीचे रुमाल. ती आईसारखीच दिसायला लागली होती. झेनोवी तिच्यापुढे गेला. रात्रभर त्यानं काय काय जुळवून ठेवलं होतं.

"दारका, बाळा... तो भिंतीपाशी नव्हता."

"कळलं मला. प्रोकीपकाकांनी सांगितलं."

"स्तेफाला मी..."

"आईला मी काल सांगून आले. थडग्यावर जाऊन." तिचा आवाज वर्गात फळा पुसायला सांगावा तसा होता.

तो डोकं खाली घालून घरच्यांच्या बाजूला, आपल्या जागी, उभा राहायला निघाला. अंगणात माणसं होती, पण दारकानं तिघांच्याच दंडांवर रुमाल बांधले होते. पेटीचं चौथं टोक मोकळं होतं. शेजारचा एक तरणा माणूस पुढे झाला, तर तिनं मान हलवून त्याला थांबवलं.

"तुम्ही इकडे या, राजदूतसाहेब. चौथं टोक तुम्ही धरा."

अंगणातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पावाच्या दुकानासमोरच्याच त्या, पण आता कुणी काही म्हणालं नाही. झेनोवीला वाटलं, हिला रीत माहीत नसेल. लहान होती तेव्हा.

"दारका, मी तर घरचा..."

"परके उचलतात," दारका म्हणाली. "हात पुढे करा."

त्यानं हात पुढे केला. तिनं त्याच्या चांगल्या कोटाच्या बाहीवरून रुमाल गुंडाळला, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या, आणि ती मागे जाऊन घरच्यांत उभी राहिली. चौघांनी पेटी उचलली. ती हलकी होती. दफनभूमीपर्यंत खांदा बदलावा लागला नाही.